गाड्यांच्या खेळाच्या दुसऱ्या भागाची पाहणी

तीर्थस्वरूप दादांना, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. वडिलांचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, पण तक्रार कमी झाली आहे. का ते पुढे येईल. तुमची बहीण मजेत आहे. तुमची पाठ, वहिनींची सर्दी आणि तुमच्या कुत्र्याचा स्वभाव आता कसा आहे ते कळवावे (तिन्हींत सुधारणा असेल अशी आशा आहे, शेवटच्याबद्दल फारशी नाही).

तुम्ही पाठवलेला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, म्हणजे आमच्याकडच्या खेळाचा नवा दुसरा भाग, स्टिअरिंग आणि पेडलांसकट सुखरूप पोचला. पहिल्याच्या तोडीचा आहे का ते स्पष्ट लिहा, असं तुम्ही फोनवर म्हणालात. स्पष्ट लिहितो, पण थोडक्यात लिहिणं जमणार नाही. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

पहिला भाग हा खेळ होता. गाडी भिंतीवर आपटली की चेंडूसारखी उसळून परत रस्त्यावर यायची. पुलावरून पडली तरी चारी चाकांवर उभी, वर प्रेक्षकांच्या टाळ्या. मी दिवसभर चेपलेली बॉनेटं बघून आणि 'गाडी उभीच होती साहेब, झाड येऊन धडकलं' अशा हकिकती ऐकून घरी यायचो आणि जेवणाआधी तुमच्या बहिणीबरोबर शर्यत लावायचो. हरेल त्याने भांडी घासायची. ती मला दरीत ढकलायची, मी तिला गवताच्या गंजीत घालायचो, आणि मागच्या खुर्चीत वडील पेपर तोंडावर घेऊन घोरायचे. सुखी संसार म्हणतात तो आणखी कसा असतो?

आता दुसरा भाग. यात टायर झिजतात, पेट्रोल संपतं, पाऊस आला की वायपर लावावा लागतो. पहिल्याच वळणावर मी जुन्या सवयीने कठड्याला घासून गेलो, तर दार चेपलं. आणि चेपलेलंच राहिलं. मी खेळ थांबवून पडद्याजवळ गेलो. काम चोख होतं, दादा. रंग जिथून उडायला हवा तिथूनच उडाला होता, पत्रा ज्या दिशेने आत जायला हवा त्याच दिशेने गेला होता. 'दार बदलावे लागेल, दोष चालकाचा' असा शेरा मी मनात मारलासुद्धा, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी परत ऑफिसात येऊन बसलो आहे.

"खेळायचंय की पंचनामा करायचाय?" तुमच्या बहिणीने विचारलं. मी म्हटलं, जरा थांब, मागचा बंपर बघून येतो.

इथवर निभावलं असतं. पण इंजिनाचा आवाज इतका खरा, की वडील जागे झाले. वडील गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेणारे अधिकारी होते, हे तुम्ही जाणताच (अर्धं गाव त्यांनी नापास केलं आहे, उरलेलं अर्धं अजून त्यांना बघून रस्ता बदलतं). त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा चढवला आणि सुनेला विचारलं, "आरशात पाहिलंस?"

"बाबा, शर्यत आहे ही."

"मग? शर्यतीत आरसे काढून ठेवतात का?"

त्या संध्याकाळी ती इंडिकेटर न दिल्याबद्दल नापास झाली. दुसऱ्या संध्याकाळी, दुसऱ्याच्या फार जवळ गाडी नेल्याबद्दल. वास्तविक ती त्याला मागे टाकून पहिली आली होती. मग एकदा गाडी मागे घेताना टायरच्या ढिगाला लागली, तेव्हा वडील तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "हिला लायसन्स दिलं कोणी?"

जी बाई गेली कित्येक वर्षं सासऱ्यांना आपल्या गाडीतून गुडघ्याच्या व्यायामाला नेते-आणते, तिला हे लागणारच. तिने स्टिअरिंग टेबलावरून सोडवून कपाटावर ठेवलं आणि बोलणं टाकलं. व्यायामाला न्यायची, पण वाटेत चकार शब्द नाही. वडील घरी येऊन मला म्हणायचे, "गाडी सफाईदार चालवते हो." मी म्हणायचो, हे तिला सांगा. त्यावर ते म्हणायचे, परीक्षकाने गाडीत कौतुक करायचं नसतं. घरात भांड्यांचा आवाज तेवढा वाढला (आता ती कोणी घासायची हे ठरेना, म्हणून मीच घासत होतो).

एका सुट्टीच्या दिवशी बटाटे घेऊन आलो, तर स्टिअरिंग परत टेबलावर आणि त्याच्यापुढे वडील. "मग तुम्हीच दाखवा ना चालवून," असं तिने चिडून म्हटलं होतं म्हणे. नजर अधू होऊ लागली तेव्हा वडिलांनी कोणी सांगायच्या आधी स्वतःला नापास केलं होतं आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली होती. त्यानंतर ते कधी चालकाच्या जागेवर बसले नव्हते. पडदा मोठा आणि हाताच्या अंतरावर होता, त्यामुळे दिसत असावं. त्यांनी खुर्ची पुढे घेतली, आणि उजवा हात खांद्यामागे नेऊन पट्टा शोधू लागले. पट्टा नव्हता. ते तसेच थांबले. तुमच्या बहिणीने थोडा वेळ पाहिलं, मग खुंटीवरचा त्यांचा मफलर काढून खांद्यावरून कमरेपर्यंत आडवा बांधला.

झेंडा पडला. वडिलांनी आधी आरसा पाहिला, तोवर बाकीच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. वर पाऊस. सगळ्यांची शर्यत संपली, प्रेक्षक उठून गेले, तरी वडील निघालेलेच. पहिल्या भागात मागे राहिलं की खेळ हाकलून द्यायचा. हा मात्र थांबून राहिला. ती स्टूल ओढून शेजारी बसली.

"पुढे पाणी साचलंय, बाबा."

"पाहिलं." मग बऱ्याच वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "तू चांगली चालवतेस. म्हणून तर मी शेजारी डोळे मिटून बसतो."

हात लांब करून तिने त्यांचा वायपर जोरात केला. रेषा ओलांडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी दारात बटाट्यांची पिशवी धरून उभा होतो. खाली ठेवायचं सुचलं नाही.

तेव्हा माझा अभिप्राय असा: खेळ म्हणून याला पहिल्याची सर नाही. परत मात्र मागू नका.

वहिनींना नमस्कार, कुत्र्याला लांबूनच.
तुमचा मेहुणा

ता. क. येत्या सुट्टीला सहज म्हणून इकडे या. येताना तुमच्या गॅरेजमधून पत्रा ठोकायचा हातोडा, थोडी पुट्टी आणि चंदेरी रंगाचा डबा आणावा. एका मित्राला हवं आहे.

आणखी एक ता. क. मित्र म्हणजे आम्हीच. आमची गाडी, पुढचा दिवा आणि बॉनेट, फाटकाचा खांब. वडिलांना पुन्हा खऱ्या गाडीचा हुरूप आला होता, एवढंच लिहितो. म्हाताऱ्या माणसाबद्दल जास्त लिहू नये. माझ्या ऑफिसात हे कळता कामा नये.

दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. बाबा शेजारच्या सीटवर होते, पट्टा लावून. गाडी हे चालवत होते. बाबांनी "खांब" असं स्वच्छ सांगितलं, नंतर ओरडूनही सांगितलं. पण हे त्यांच्याकडे तोंड करून, पहिला भागच कसा सरस होता ते समजावत होते. हातोडा मोठा आण. — तुझी बहीण