एकाच चित्रातून उतरलेले दोन जिने

कृष्णधवलसार्वभौम, छायाप्रकाशमीमांसक, षोडशमिलिमीटरयंत्राधिपती, तुटलेली फीत अंधारात सांधण्याच्या विद्येचे अंतिम आचार्य, आमच्या फिल्म सोसायटीचे संस्थापक, चिटणीस आणि बहुतेक रविवारी एकमेव प्रेक्षक, अशा आपणांस मेलबर्नच्या पश्चिमेकडील ट्रुगानिना उपनगरातला एक स्थूलकाय संगणकसेवक सविनय कळवतो की, सर, तुमचे बरोबर होते.

तुमचा सिद्धान्त साधा होता. सोसायटीत तुम्ही ज्यांचा एकेक चित्रपट दाखवलात, त्या दोन इंग्रज दिग्दर्शकांपैकी एक रहस्याचा उपासक, दुसरा जाडजूड कादंबऱ्या पडद्यावर आणणारा. तरीही दोघांच्या जिन्यांवर प्रकाश तिरपा पडतो, कठड्याची सावली माणसाहून मोठी होते आणि माणूस चढतो आहे की उतरतो आहे, हे क्षणभर कळत नाही. तरुणपणी दोघांनी एकच कुठलेतरी चित्र पाहिले असले पाहिजे, असे तुम्ही म्हणत असा. कुठले, ते तुम्हाला ठाऊक नव्हते. चित्रपट दाखवण्याच्या यंत्रापाशी उभे राहून, अंधारात अंदाजाने, तुम्ही वहीत पेन्सिलीने जिने काढत असा. डाव्या पानावर एकाचा, उजव्या पानावर दुसऱ्याचा.

मी बावीस वर्षांचा आणि सर्वज्ञ होतो. सोसायटीच्या पत्रिकेसाठी मी लेख लिहिला, की आमच्या सरांना सपाट मैदानातही जिना दिसतो. पत्रिका तुम्हीच सायक्लोस्टाइल करत असा. म्हणजे माझी प्रत्येक कुचेष्टा तुम्ही स्वहस्ते स्टेन्सिलवर टंकलीत, तिचे शुद्धलेखन सुधारलेत आणि शाईने माखलेल्या बोटांनी प्रती वाटल्यात. माझी प्रत माझ्या हाती देताना एवढेच म्हणालात, "भाषा चांगली आहे. दुसऱ्या दिग्दर्शकाचा चित्रपट पुन्हा एकदा पाहा." त्यानंतर जिन्यांविषयी तुम्ही कधी बोलला नाहीत. वहीही दिसली नाही.

गेल्या शनिवारी, कन्येच्या युनीतल्या कसल्याशा असाइनमेंटपायी, आम्ही शहरातल्या कलादालनात गेलो. तिथे जुन्या काळातल्या एका इटालियन चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला एक काल्पनिक तुरुंग टांगला आहे. तोच प्रकाश, तोच कठडा, चढतो की उतरतो ते न कळणारा तोच माणूस. मोबाइलवर दोन्ही चित्रपटांतली दृश्ये काढून मी शेजारी धरली. न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही. मला मात्र तो पुरला. मी बाकावर बसलो.

"बाबा, यू ओके? चेहरा बघ तुझा."

मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग मेल कर ना त्यांना. सिम्पल."

"ते वारले. अठरा वर्षे झाली."

"ओह. मग तू आता सांगणार कुणाला?"

घरी येऊन मी तुमच्यासाठी समास जुळवत हे पत्र लिहायला बसलो.

हे पत्र धाडता येणार नाही, म्हणून निर्धास्तपणे कबूल करतो. तो लेख लिहिला तेव्हा दुसरा चित्रपट मी पाहिलेलाच नव्हता. पहिले रीळ संपण्याआधीच मला झोप लागली होती. मी यंत्राच्या अगदी पुढच्या खुर्चीत होतो. म्हणजे स्टेन्सिल टंकताना तुम्हाला हे ठाऊक असणार. किंवा नसेल. आता कुणाला विचारू?

निदान तिन्ही चित्रे एका पानावर छापून पत्राला जोडावीत, असे मनात होते. तिन्ही शुद्ध कृष्णधवल. परंतु आमच्या प्रिंटरमधली निळी शाई संपली आहे आणि निळ्या शाईवाचून तो काळेही छापत नाही. दुकानदार म्हणाला, "नो वरीज, मेट, मंगळवारी येईल." कोणत्या मंगळवारी, ते त्याने सांगितलेले नाही.