गोधडीच्या दोऱ्याचं कॉफी मशीन

आई,

ते मशीन आता माझ्या ओट्यावर आहे. आक्कांची नात घर आवरत होती, तिनं स्वतः रिक्षातून आणून दिलं. "हे तुमच्या आईचंच म्हणायचं," म्हणाली. मिक्सरला फळीवर पाठवून मी त्याला जागा केली. पितळ काळवंडलंय, दांड्याची लाकडी मूठ चिरलीय, पण डोक्यावर आपल्या कुकरची शिट्टी अजून तशीच आहे. आलागेला विचारतो, हे काय धूड? मग मी सांगायला बसते आणि त्याचा चहा गार होतो.

आप्पांच्या मागे निपाणीतलं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान तू चालवायला घेतलंस, तेव्हा बाजारानं तुला मानलं नव्हतं. बाईनं उघडलेला स्टोव्ह भडकतो, असं लोक तुझ्या तोंडावर म्हणायचे. पिना आणि वाती तुझ्याकडून न्यायचे, दुरुस्तीला मात्र पुढच्या चौकात जायचे. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं, हे तुलाही कळत होतं आणि नुकत्याच शाळेत मास्तरीण झालेल्या मलाही. अशात तंबाखूच्या वखारवाल्या जैन घरातल्या आक्का हे मशीन गड्याच्या डोक्यावर देऊन आल्या. मुंबईत कुणा परदेशी माणसानं घर मोडलं, तेव्हा त्यांच्या मालकांनी ते फार पूर्वी घेतलेलं. खाली पाणी उकळायचं, दांडा ओढला की आतला दट्ट्या ते पाणी कॉफीच्या पुडीतून दाबून काढायचा. कॉइल जळून गेलेली. वायरमन लोकांनी हात टेकले होते. "बाई, तू तरी बघ गं. ह्याच्याबिगर मला सकाळ झाल्यागत वाटत न्हाय," आक्का म्हणाल्या. तू मशीन उलटं केलंस, वाकून आत बघितलंस आणि म्हणालीस, "करंट कशाला पायजे? स्टोवर बसवू की."

काय काय केलंस त्याचं! कॉइलचं भोक बुजवायला पितळी बूच हवं होतं, म्हणून मला मापाची सुतळी देऊन एसटीनं उद्यमबागेतल्या कारखान्यात पाठवलंस. लेथवर कातून आणलेलं ते बूच तू कथलाचा डाग देऊन असं बसवलंस की थेंब गळला नाही. स्टोव्हवर उभं राहावं म्हणून तीन पाय जोडलेस. वाफ सोडायची झडप गंजली होती, तिच्या जागी नळी बसवून वर आपल्या कुकरची शिट्टी ठेवलीस. नवी शिट्टी येईपर्यंत आपण डाळ पातेल्यात शिजवली. दट्ट्याचा वायसर झिजला होता. तुझा हात सवयीनं खालच्या डब्यात गेला, स्टोव्हच्या पंपाचा चामडी वायसर निघाला, तो कापून तू चपखल बसवलास.

आक्कांच्या घरी दिवस बुडल्यावर कुणी काही खात-पीत नसे, म्हणून आपण उन्हं असतानाच गेलो. सगळं घर जमलंय. दोन शेजारणीही आल्यात. स्टोव्ह फरफरतोय, शिट्टी डुलतेय, तू दांडा ओढतेस आणि कपात काळीभोर धार पडते, वर तांबूस फेस. "आगं बया, आली की!" असं म्हणत आक्का कप उचलतात. आणि तू त्यांचा हात धरतेस.

"आक्का, थांबा. पिऊ नगा. आत चामड्याचा वायसर हाय. माझ्या आत्ता ध्यानात आलं."

वासराच्या चामड्यावरून आलेलं पाणी त्या घरात कुणी ओठाला लावलं नसतं. आक्कांचा मुलगा भडकला. "आता सांगताय व्हय? भांडं बाटलं की समदं!" शेजारणी उठल्या. उद्या बाजारभर होणार, आपलं दुकान संपलं, असं मला वाटलं. आक्कांनी कप खाली ठेवला आणि तुझ्याकडे बघत विचारलं, "बोलली नसतीस तर मला कुठनं कळणार हुतं?"

"मला कळलं हुतं न्हवं," तू म्हणालीस.

आक्कांनी कप मोरीत रिकामा केला. मग म्हणाल्या, "घिऊन जा परत. दुसरं कायतरी घाल. पर तूच घाल."

घरी तू चिंच आणि राख लावून मशीन आतून-बाहेरून घासलंस, पाणी उकळून उकळून ओतलंस. रबर घालून बघितलं, तर ते उष्णतेनं फुगलं आणि कॉफीला सायकलच्या ट्यूबचा वास आला. शेवटी गोधडीचा सुती दोरा घेऊन दट्ट्याच्या खाचेत घट्ट गुंडाळायला लागलीस. दट्ट्या सहज सरकावा म्हणून मेण उचललंस आणि स्वतःशीच हसलीस. "मेण बी मधमाशीचंच की गं. ते बी त्यास्नी चालत न्हाय." मग खोबरेल लावलंस. दुसऱ्या खेपेला आक्कांनी अख्खा कप संपवला, आणि मुलाला म्हणाल्या, "हिच्या हातचं डोळे झाकून घ्यायचं." पुढं त्यांच्या नात्यागोत्यातले स्टोव्ह चिकोडीपासून आपल्या दुकानात यायला लागले. पुढच्या चौकातला दुरुस्तीवालासुद्धा अडलं की तुला विचारायला यायचा. आई, तेव्हा शाळेत कुणी विचारलं, तुमची आई काय करते, तर मी जरा मोठ्यानंच सांगायची.

आता घरात सगळे मागे लागलेत, मशीन चालू कर म्हणून. परवा मी ते उघडलं. दट्ट्यावर तुझाच दोरा आहे, तेलानं काळा झालेला, कुजलेला, पण वेढे एकाला एक लागून. नवा गुंडाळायचा तर तू गुंडाळलेला हा कापून काढावा लागेल. मी सगळं परत लावून ठेवलं आणि घरी सांगितलं, पार्ट मिळत नाही. सगळ्यांना ते खरं वाटलं. गोधडीचा दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातच आहे.