रसिकाचा पेढा

२ मार्च
मॅथ्समध्ये पीएचडी होऊन दीड वर्ष झालं. पोस्टडॉक, म्हणजे पुढच्या संशोधनाची जागा, मिळत नाही कारण मी मनावर घेतलं नव्हतं. आजपासून रोज पाच प्रोफेसरांना मेल. आई म्हणाली, जूनपर्यंत नाही झालं तर पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या धर्मेशसरांच्या क्लासमध्ये दहावीचं बीजगणित शिकव. हसलो.

५ मार्च
रसिकाला जर्मनीत पोस्टडॉक. रसिकाला! आमचा गाइड एकच, पण ती माझ्या मागून आलेली. टाइप करताना कंस बंद करायला मी शिकवलं तिला. संध्याकाळी गोडदेव गावातून तिची आई पेढा घेऊन आली. म्हणाली, माजी पोर जर्मनीला चालली हाय, तुजा बी व्हईल. कुठल्या युनिव्हर्सिटीत, ते मी विचारलं नाही. मला काय करायचंय!
पेढा डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवला. मत्सर नाही. साखर कमी करतोय.

६ मार्च
मेल: शून्य. पेढ्यामुळे.

१४ मार्च
आमच्या पीएचडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नीरजने रसिकाचा पेपर टाकला. सगळ्यांच्या टाळ्या. मी अंगठा दिला, तोही उशिरा. वाचणार नाही. त्यातलं प्रमेय कुणालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी मोठा विचार करत होतो.

२ एप्रिल
प्रपोजल तयार! विषय तिचाच घेतला. जर्मनीत सध्या हेच खपतंय. तिचं प्रमेय एका ओळीत उडवलं: ‘हे तर उघडच आहे.’ नाव घेतलं नाही. फुकट जाहिरात कशाला? जर्मनीतल्या एका प्रोफेसरांना पाठवूनही दिलं.

१९ एप्रिल
जर्मनीहून उत्तर!! झूमवर मुलाखत. प्रोफेसर लिहितात, ग्रुपमधली एक सहकारीही प्रश्न विचारेल. आईने शेजारच्या मनोरमाकाकूंना सांगितलं. मी अडवलं नाही. केबिन रोडच्या लाँड्रीत ब्लेझर इस्त्रीला टाकला. रसिकाची कीव येतेय.

८ मे, दुपारी
सहकारी म्हणजे रसिका.
कसे आहात दादा, म्हणाली. मग इंग्रजीत: उघडच आहे म्हणता, तर सिद्ध करून दाखवाल? तिसऱ्या पायरीला अडकलो. ती हळूच म्हणाली, तिथे मीही अख्खा पावसाळा अडकले होते, पेपरमध्ये लिहिलंय. वाचला नाहीत का?
मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

१० मे
नकार. वर रसिकाचा वेगळा मेल: पेपर वाचा दादा, शंका आल्या तर विचारा, पुढच्या वर्षी परत अर्ज करा. इतकं चांगलं वागायची काय गरज होती? जळलो. इथे कोण वाचतंय! जळलो.

१ जून
क्लासचा पहिला दिवस. फळ्याच्या वरच बॅनर: रसिकाचा फोटो, ‘आमची माजी विद्यार्थिनी, आता जर्मनीत!’ त्याखाली उभा राहून बीजगणित शिकवलं. मुलांना म्हटलं, हिला कंस मी शिकवले. मुलं हसली.
घरी येऊन ठरवलं, पुरे झालं, पेढा खायचा. डबी उघडली तर रिकामी. आईने मार्चमध्येच खाल्ला होता. म्हणाली, कुणाचं तरी चांगलं झालेलं, तोंड गोड नको करायला?