मेहनतीवर पाणी

सर, तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, आणि सांगलीच्या त्या शर्यतीबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच. मी हरले, तुम्ही सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतलात आणि मी तो घेऊ दिला. आता मीही पोरींना पळायला शिकवते. काल एकीनं तोंडावर थाप मारली, ती मला तिच्या डोळ्यांत लगेच दिसली. तुम्हाला माझी कशी दिसली नाही, याचा रात्रभर विचार केला. पण तुम्ही पडलात भोळे. आखाड्यात समोरच्याचा डाव तुम्हाला आधी कळायचा, घरातल्या माणसाचं खोटं काही कळायचं नाही.

तुम्ही आटपाडीकडून बदली होऊन आमच्या माण तालुक्यातल्या शाळेत आलात तेव्हा मी आठवीत. मोडलेले कान, ही जाड मान. आम्ही पोरी दाराआड फिदीफिदी हसलो होतो, हा पैलवान आपल्याला लंगडी शिकवणार व्हय! घरचं पाणी भरून मी रोज उशिरा निघायची आणि तीन मैल पळत यायची. किती वाजता निघालीस म्हणून तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, तुम्हाला पटेना. दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन माझ्या मागं आलात आणि शाळेच्या फाटकात तुम्हालाच धाप लागली. संध्याकाळी थेट आमच्या घरी. आप्पा मुंबईला, घरात आई एकटी. "ही पोरगी मला द्या, चार वर्षं लग्नाचं नाव काढू नगा," म्हणालात. आई म्हणाली, "आवं गुरुजी, पळून काय मिळतंय?" तुम्ही डोकं खाजवलंत. "ते मलाबी ठावं न्हाई. पर लय लांब जाईल ही." आई तेवढ्यावर कशी तयार झाली, मला अजून कोडं आहे.

मी मॅरेथॉन पळायची असं तुम्ही ठरवलंत, पण ती सव्वीस मैलांची शर्यत तुम्ही कधी पाहिली नव्हती आणि मीही नाही. तुम्हाला ठाऊक होती ती तालीम, म्हणून मलाही तालमीचंच शिक्षण. पहाटे बैठका. मग तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुमच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या चाचींनी वाटलेल्या बदामाची थंडाई आणि वर तूप घातलेलं दूध. अर्ध्या वाटेत ते सगळं रस्त्याकडेला ओकायची मी! निघताना वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा. आणि सगळ्यात मोठा नियम, मेहनतीवर, म्हणजे व्यायाम चालू असताना, पाणी प्यायचं नाही. "आतड्याला पीळ पडतो. तोंड धू, चूळ भर, पर गिळू नगंस!" हापशावर मी चूळ भरायची तेव्हा तुम्ही माझ्या गळ्याकडं टक लावून बघत असायचात. एकदा घोटभर गिळलं तर आठ दिवस बोलला नाहीत. रमजान उन्हाळ्याच्या तोंडाशी यायचा, तुम्ही रोजा धरून माझ्या मागं दहा-दहा मैल सायकल मारायचात, ओठ पांढरे पडलेले. मग मी कोणत्या तोंडानं पाणी मागणार? चाची मात्र भांडायच्या. "पोरीला मारताय काय आता?" "तू भाकरी बघ," एवढंच तुमचं उत्तर.

दुसरा एक नियम होता, तो मात्र सोन्यासारखा. "निम्म्यापर्यंत दुसऱ्याला म्होरं जाऊ दे. जो पैलवान सलामीलाच शड्डू ठोकत बसतो, तो लवकर चीत हुतो."

बारावीनंतर मी सांगलीला मावशीकडं राहून कॉलेजात गेले. पहिल्याच महिन्यात मैदानावर चक्कर येऊन पडले. खेळाच्या मॅडमनी तोंडावर पाणी मारलं, कारण विचारलं, आणि ऐकून कपाळावर हात मारला. "अगं, तू बाई आहेस का उंट?" त्यांनी मला दर तीन मैलांना मीठ-साखरेचं पाणी प्यायला लावलं. सर, काय सांगू, पाय हलके झाले. वेळ भराभर उतरली, राज्यात नंबर आले, पेपरात फोटो आला. तो फोटो तुम्ही शाळेच्या फळ्यावर खळीनं चिकटवलात आणि खाली लिहिलंत, 'मेहनतीवर पाणी न पिणारी आपली विद्यार्थिनी.' सुट्टीत गावी आले आणि ते वाचलं. तुम्हाला सांगायला जीभ रेटेना. मग दोन वर्षं तसंच चाललं, तुमच्यासमोर कोरडी पळायची आणि सांगलीत पोटभर पिऊन.

मग सांगलीची ती मॅरेथॉनची निवड-शर्यत. पहिल्या दोघी देशाच्या संघात जाणार होत्या. सुरुवातीच्या रेघेवर मी सवयीनं वाकून मातीचा हात कपाळाला लावला. शेजारी शहरातली एक मुलगी होती, पायात चकचकीत बूट. ती हसली. "कुस्ती आहे का गं आज?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मला नव्हे, तुम्हाला हसली असं वाटलं. शिट्टी झाली आणि मी जी सुटले! निम्म्याला मी सगळ्यांच्या कितीतरी पुढं होते. मिरजेच्या अलीकडं पायांची लाकडं झाली.

आणि तिथं तुम्ही. मला ठाऊकच नव्हतं तुम्ही येणार आहात ते. गर्दी बाजूला सारत, एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात पितळी तांब्या घेऊन माझ्या बाजूनं पळायला लागलात. "पी पोरी, पाणी पी! म्या चुकलो, दाक्तरानं सांगितलं मला, पी!" पन्नाशी उलटलेला माणूस, जन्मभराचा नियम मोडून. तांब्यातलं पाणी हिंदकळून तुमचा सदरा भिजत होता. मागच्याच पाण्याच्या टेबलावर मी दोन ग्लास प्यायले होते, पोटात पाणी डुचमळत होतं. मी मान हलवली, "नको सर." तुम्ही थांबलात. मागं वळून पाहिलं नाही मी.

तिसरी आले. ती चकचकीत बूटवाली दुसरी. तुम्ही मैदानात मातीत बसलात आणि ताडताड स्वतःच्या तोंडात मारून घेतलंत. "म्या पाणी तोडलं तुजं. आज देतो म्हणलं तरी माजा शबूद मोडला न्हाईस तू." मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तेव्हाच सांगायला हवं होतं. रडू खरं होतं, गप्प बसणं खोटं. सर, प्रत्येक टेबलावर मी पाणी प्यायले होते. तुमचं चुकीचं होतं ते मी केव्हाच सोडून दिलं होतं, आणि बरोबर होतं ते त्या एका दिवशी रागाच्या भरात मोडलं. मी माझ्या उतावीळपणानं हरले. तुमचा काडीचाही दोष नव्हता.

दोन वर्षांनी माझी निवड झाली, परदेशात पळून आले, पण तोवर तुम्ही नव्हतात.

गेल्या महिन्यात आटपाडीला चाचींना भेटून आले. थकल्यात, पण थंडाई अजून पाट्यावरच वाटतात. म्हणाल्या, "जाईपर्यंत त्यांचं एकच. त्या लेकराचं म्या पाणी तोडलं, तरी तिनं माजा शबूद खाली पडू दिला न्हाई." शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी म्हणाले, "चाची, बदाम छान वाटलेत."

हे पत्र त्यांच्या पत्त्यावर टाकता येईल, सून वाचून दाखवेल. तुमच्या माघारी का होईना, तुमच्या माथ्यावरचं ओझं उतरेल. पण मी टाकणार नाही. त्या घरात मी अजून सरांचा शब्द न मोडणारी पोरगी आहे, आणि सर, तेवढं मला सोडवत नाही.