बोटभर जागा

प्रिय भिंगरी,

पाय कसा आहे ते विचारत नाही. प्लास्टरमधला पाय खाजतच असणार. विणायची सुई आत घालू नकोस, एवढंच सांगते.

तुझी ती पाण्यावरची शिडाची फळी माझ्या दुकानातच पडून आहे. बूट दुरुस्तीची जागा ती केवढी, त्यात ही आडवी, गिऱ्हाइकाला उभं राहता येईना. दोन दिवस तिला शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी चष्मा लावून नीट बघितली. मी चौथी शिकलेली, पण पाय आणि पट्टा मला कळतो. शर्यतीत तू शीड धरून या फळीवर उभी, पाय पट्ट्यांत अडकवलेले. वाऱ्यानं तुला उडवलं, मग एक पाय आतच का राहिला? तुझा कोच म्हणाला, पोरगी मंदावली, पाय वेळेत काढला नाही. तूही मान हलवलीस आणि शर्यती सोडते म्हणालीस. मला ते पटेना.

हाडांच्या डॉक्टरीणबाई बुटाची टाच बसवून घ्यायला आल्या, त्यांना धरलं. म्हणाल्या, या खेळात पाऊल आणि घोटा फार जातो, मग कंबर, बरगड्या. डोक्याला टोप, अंगात तरंगायचं जाकीट, पाण्यात उतरण्याआधी अंग मोकळं करणं, हे पाहिजेच. मी म्हटलं, ते सगळं ती करते. "मग पट्टा बघा," म्हणाल्या.

बघितला. फळीशेजारी गादी टाकली, दार लावलं आणि वर उभी राहिले. हसू नकोस. आपल्या दोघींचं पाऊल एकाच मापाचं, ते थेट घोट्यापर्यंत आत गेलं. अंग बाजूला टाकलं, तर मी गादीवर आणि पाऊल तिथंच. धडपड ऐकून शेजारचा घड्याळवाला दार ढकलून डोकावला, आता गल्लीभर सांगतोय की आत्याबाई व्यायाम करतात. मग पट्टा आवळला. नुसता चवडा आत. पुन्हा पडले, पाऊल आपोआप सुटलं. खात्रीला आणखी चारदा पडले. कंबर धरलीय, तुझ्या बापाला कळवू नकोस.

ते पट्टे मीच शिवले होते. तू चवड्याचं माप कागदावर काढून दिलंस, मी ते बोटभर वाढवलं. बुटात बोटभर जागा सोडायची ही चाळीस वर्षांची सवय, पाय सुजतो, बूट चावायला नको. तुला विचारलंही नाही. म्हटलं, पोरीला काय कळतंय. कळत तुलाच होतं. तू मंद नाहीस, चूक माझ्या हाताची. कोचलाही तसं लिहिलंय, जोडाक्षरं चुकली असतील, पण मतलब पोचेल. तुझा कागद खिळ्याला अजून आहे, त्याच मापानं नवे पट्टे शिवलेत. शर्यती सोडायच्या तर सोड, पण माझ्या बोटभर शहाणपणापायी नको. पाय धड झाला, डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, की ये. आधी माझ्यासमोर गादीवर पाचदा पड, मग पाण्यात जा.

तुझीच,
मापाला चुकलेली आत्या