विमानाची बॅटरी आणि आमचा ओटा

सर, नातीला रिमोटचं विमान आणलंय. त्याची बॅटरी चार्जिंगला लावून मी शेजारी पाट टाकून बसलो आहे. फरशीवर वीट, विटेवर बॅटरी, जवळ ना चादर ना कागद, आणि हाताशी वाळूचं घमेलं. सून हसते. म्हणते, "बाबा, बॅटरी आहे ती, बाळंतीण नाही." मीही हसतो, पण उठत नाही. आताच्या बॅटऱ्या तुमच्या त्या चार सेलांच्या बॅटरीपेक्षा फार तापट. मार बसला किंवा फुगली तर पेट घ्यायला वेळ लावत नाही. नातीला तुमचेच नियम शिकवलेत. ज्याचा चार्जर त्यालाच लावायचा, फुगलेली बॅटरी लावायची नाही, लावली की सोडून जायचं नाही, आणि पाण्याचा थेंब जवळ येऊ द्यायचा नाही. हा शेवटचा नियम सांगताना माझा आवाज खाली जातो. पोरीनं ते हेरलं. "आजोबा, एवढंच हळू का सांगता?" तिला वही-पेन आणायला पाठवलं आणि हे तुम्हाला लिहायला घेतलं.

विमानदलातली नोकरी संपवून तुम्ही वालूरला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलात, तेव्हा मी नववीत होतो. पातळ लाकडाच्या पट्ट्या आणि कागद जोडून तुम्ही हातभर पंखांचं विमान केलं होतं, आणि जमिनीवरून ते रेडिओनं चालवायचात. ज्या बॅटरीवर विमानातला रेडिओ चाले, तिला चौदा तास सावकाश करंट लागायचा. शाळा सुटली की शिपाई मेन स्विच पाडायचा. तुमच्या वस्तीत विजेचे खांब आले होते, तारा आल्या नव्हत्या. म्हणून शनिवारी दुपारी तुम्ही बॅटरी आणि चार्जर घेऊन आमच्या घरी यायचात. घरी म्हणजे ओट्याखाली. तुम्ही वर चढला नाहीत आणि आम्हीही कधी "या, बसा" म्हटलं नाही. मी वरून दोन्ही हात पुढं करायचो, तुम्ही त्यात बॅटरीचा डबा ठेवायचात. एकदा मी बॅटरी गादीवर ठेवून चार्जिंगला लावली, हे कळल्यावर तुम्ही वर्गात माझा कान धरला होता. "घर जाळतो का रे? हात लावून बघायचं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावानी लागली की काढायची." त्या शिक्षेचा मला अभिमान वाटायचा. सगळ्या वर्गात सरांची बॅटरी माझ्याच घरी जाते, ही मोठी मिजास होती माझी.

आत काय व्हायचं ते तुम्हाला माहीत नव्हतं. मी डबा घेऊन उंबऱ्याशी आलो की आई म्हणायची, "थांब. तिकडून आलंय ते. आधी शिपड." कोपऱ्यात गोमूत्राची वाटी असायचीच. चार थेंब डब्यावर, चार माझ्या हातावर, मग आत. डबा पत्र्याचा, झाकण सैल. थेंब आत जाऊन बॅटरीच्या पिनांवर पडत होते आणि मी वर्गात पाण्याचा नियम तोंडपाठ म्हणून दाखवत होतो. घरचं एक डोकं आणि शाळेचं एक, अशी दोन डोकी घेऊन मी हिंडत होतो आणि दोघांची भेट होऊ देत नव्हतो.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर तुम्ही सगळ्या गावासमोर विमान उडवलंत. ते नीट उतरलं तर शाळेत विमानाचा वर्ग सुरू करू, असा शब्द हेडमास्तरांनी तुम्हाला दिला होता. त्या वर्गासाठी तुम्ही किती झटलात हे मी पाहिलं होतं. विमान वर जातं, शाळेवरून एक वळसा घेतं, लोक माना वर करून बघतायत. दुसऱ्या वळशाला ते ऐकेनासं झालं. तुम्ही हातातल्या रेडिओच्या दांड्या हलवताय आणि ते नाक खाली करून सरळ ज्वारीच्या रानात. नामांतराचे दिवस होते. गर्दीतून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "विद्यापीठाला नाव पायजे, आता आभाळ बी पायजे यांना." लोक हसले. सर, त्या हसणाऱ्यांत माझे काका होते.

रानात तुमच्या मागं मी एकटाच धावलो. मोडक्या पंखाखालून तुम्ही बॅटरी काढलीत, जोड उघडलात. पिनांवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढली होती. तुम्ही बॅटरी नाकाशी नेलीत. मग माझ्याकडं बघितलंत. रागानं बघितलं असतंत तर बरं झालं असतं. हेडमास्तर धापा टाकत आले, "काय झालं हो?" तुम्ही बॅटरी खिशात घातलीत. "माझीच चूक, सर. उडवायच्या आधी पिना बघायला पायजे होत्या. न्हाई बघितल्या." मी तिथंच उभा होतो. वर्ग सुरू झाला नाही. जूनमध्ये तुमची बदली गंगाखेडला झाली. जायच्या दिवशी तुम्ही पुन्हा ओट्याखाली आलात आणि चार्जर माझ्या हातात दिलात, स्पिरिटनं पुसलेला. म्हणालात, "घे. कोरडा ठेव." बास, तेवढंच. तुम्ही वारल्याचं मला पुढं कित्येक वर्षांनी, तेही उडत उडत कळलं. तोवर गंगाखेडला जाणाऱ्या एसटीत मी अनेकदा बसलो, तुमच्या दारापर्यंत एकदाही गेलो नाही.

वर लिहिताना सगळं आईवर घातलंय. आजवर मनातल्या मनातही असंच घालत आलो. ती बिचारी आता नाही, तिला विचारायला कोण जातंय? पण सव्वीस जानेवारीच्या आधीच्या शनिवारी आई घरात नव्हती. माहेरी गेली होती. शिपड म्हणायला कोणी नव्हतं, बघायलाही कोणी नव्हतं. तुम्ही डबा दिलात, वळलात, आणि मी आपला आपण कोपऱ्यातली वाटी उचलली.