लाल बटणाची वायर

सोमवार, ३ फेब्रुवारी
लागले एकदाची कामाला! चाकणची कंपनी, गाड्यांच्या सीटच्या लोखंडी चौकटी करते. तळेगावपासून बस, आल्या आल्या गरम पोहे. शाळा माझी चौथीपर्यंत, पण साहेबांनी वही दिली. मशीन कधी थांबलं, का थांबलं, लिहायचं. लिहिते की, त्यात काय.

जाळीच्या पिंजऱ्यात रोबोटचा पिवळा हात आहे. मी बाहेरून चौकट ठेवायची. तो ती पकडतो आणि वेल्डिंगचे चौदा टाके मारतो. शिकवायला दीक्षा, विशीतली पोरगी, तोंडाला खंड नाही. तासाभरात मला मावशी करून टाकलं. अडलं की बाहेरचं लाल बटण दाबायचं. दाबलं, हात जागच्या जागी थांबला. दीक्षा म्हणाली, मावशीला टरकला.

शुक्रवार, ७
इंजिनिअर कुलदीप सरांनी आज पॅनल उघडलं. आधी प्रत्येक बटणाची स्वतःची वायर थेट मशीनपर्यंत होती. सगळ्या उपटल्या, आतड्यांसारखा ढीग पडला. आता सगळ्यांना मिळून एकच निळी केबल. जुना वायरमन सोनबा म्हणाला, लाल बटणाची तेवढी ऱ्हाऊ द्या साहेब. सर म्हणाले, आजोबा, आता सगळे निरोप या केबलवरून एकामागून एक जातात. मला राहवलं नाही. म्हटलं, मान सापडल्यावर पण रांगेत उभं राहायचं का? सगळे खिदळले. मला काही हसू आलं नाही.

सोमवार, १०
बटण दाबलं. चार मोजेपर्यंत हात चालूच. सरांना सांगितलं तर ते आणखी कौतुकानं सांगतात, केबल तुटली तरी मशीन शेवटचा हुकूम पाळत राहील अशी सोय केलीय, म्हणजे माल अडत नाही. डोकं ठिकाणावर आहे का या माणसाचं?

बुधवार, १२
रंगराव सफाईला पिंजऱ्यात गेला. दार उघडलं की हात थांबतो. थांबला नाही. छातीवर बसला, रंगरावला जाळीवर चेपलं. फासळ्या मोडलेल्या मी ऐकल्या. मी बटण तीनदा दाबलं. तीनदा! हातानं त्याला चौकटीसारखं पकडलं आणि टाके मारले. गालावर, गळ्यावर, पोटावर. पूर्ण चौदा. मग खाली ठेवला आणि पुढची चौकट मागायला वळला.

वास नाकातून जात नाही.

सोमवार, १७
आज कंपनी उघडली. दुपारी हात आपोआप थांबला, सुटला, थांबला, सुटला, थांबला. कुणी हात लावला नव्हता. स्क्रीनवर आलं: लाल बटण, तीन वेळा, बुधवार. माझेच ते निरोप. आज पोचले.

सरांना म्हटलं, जुनी वायर जोडा, नाहीतर मी पोरीला तिथं उभी करणार नाही. म्हणाले, मग दोघी घरी बसा. दीक्षा म्हणाली, मावशी, भांडू नकोस, काम जाईल.

मंगळवार, १८
दीक्षाची बाही चौकटीत अडकली. हातानं तिला आत ओढलं. मी मागोमाग शिरले, ओढून कोपऱ्यात आणली. तिचा एक पाय गुडघ्याखाली लोंबतोय. पदरानं आवळलाय. जिवंत आहे. दार मागं बंद झालं, आता उघडत नाही. हात आमच्यापासून वीतभर लांब. मारतोय, परत जातोय, मारतोय. कुणाला तरी कळावं म्हणून लिहिते—

सोनबानं निळी केबल तोडली. थांबला नाही. शेवटचा हुकूम पाळतोय.

मेन स्विच पाडला. दिवे गेले, पंखे गेले. सगळं शांत. हात चालूच. कुलदीप सर बाहेर ओरडतायत, असं होऊच शकत नाही, होऊच—

सोनबा जुनी वायर जोडतोय. एक टोक बसलं. म्हणतो, केसरबाई, धा मोज, तवर पोरीला धरून ऱ्हा.

एक. दोन.

रोबोटच्या बुडाचे बोल्ट उपटतायत. वीतभर होतं ते आता चार बोटं—

तीन. दीक्षा आई आई करतेय

चार

तिचा पाय धरला त्यानं. ओढतोय. एका हातानं जमत नाही, मला दोन्ही हात—